वसतिगृह म्हणजे नुसती खाट नव्हे

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या गावात शिकायला येणाऱ्या मुलींचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गेल्या रविवारी मुलींच्या नव्या वसतिगृहाची बैठक झाली. संस्थेचं नाव घेत नाही, गावातल्यांना कळेलच. मी निवृत्त शिक्षक, सल्लागार समितीत नावापुरता. चहा-बिस्किटं घ्यायची आणि मान डोलवायची, एवढंच आमचं काम. त्या दिवशी मात्र मान डोलली नाही.

आराखडा पडद्यावर दाखवला. तीन मजले, १२० खाटा, गरम पाण्याला सोलर, कॅमेरे, सगळं झकास. एका विश्वस्तांचे चिरंजीव अमेरिकेत शिकून आलेत, त्यांनी नवीन कल्पना मांडली. प्रत्येक मजल्याला एक विषय. पहिला मजला स्पर्धा परीक्षांचा, दुसरा विज्ञान-तंत्रज्ञानाचा, तिसरा खेळ आणि कलेचा. एकाच आवडीच्या मुली एका मजल्यावर राहतील, एकमेकींकडून शिकतील. तिकडे याला 'लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी' म्हणतात. मुलगा हुशार आहे, तळमळीनं बोलत होता. मला कल्पना आवडली, हे आधीच सांगून टाकतो.

पण त्यापाठोपाठ दोन गोष्टी आल्या.

एक म्हणजे मूळ आराखड्यात तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि भोजनगृह होतं, ते काढलं. त्या जागी आठ खोल्या, म्हणजे २४ खाटा वाढल्या. जेवण ठेकेदाराकडून डब्यात येणार आणि खोलीत पोचणार.

दुसरी म्हणजे देणगी. तीन समाजांची मंडळी एकेक मजला बांधून द्यायला तयार आहेत. अट एवढीच, की मजल्याला समाजाचं नाव लावायचं आणि समाजाच्या मुलींना तिथे प्राधान्य द्यायचं.

मी म्हणालो, "बाकी काय करायचं ते करा, पण भोजनगृह काढू नका." एक जण हसून म्हणाले, "गुरुजी, डबा काय, कुठंही बसून खाता येतो." आणि आमच्या कॉलेजातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, २४ खाटा म्हणजे २४ मुली. खाट मिळाली नाही तर त्यातल्या निम्म्यांची लग्नं होतील."

मला उत्तर सुचलं नाही. बाई खरं बोलत होत्या. रात्री झोप लागेना. ही पोस्ट म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजा.

आधी अमेरिकेचं बघू, कारण बैठकीत तिचं नाव फार वेळा आलं.

माझ्या चुलतभावाची मुलगी तिकडेच जन्मली, वाढली. सध्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला शिकते आणि अशाच एका विषयवार मजल्यावर राहते. तिचा विषय पर्यावरण. बैठकीनंतर तिला फोन लावला. म्हटलं, "बाळा, तुझ्या मजल्यावर नेमकं चालतं काय?" ती म्हणाली, "काका, एक छोटा वर्ग आमच्या इमारतीतच भरतो. प्राध्यापक येतात, कधी आमच्यासोबत जेवतात. भाज्या लावतो. पण खरं सांगू? मैत्री झाली ती भांडी कुणी घासायची यावरच्या भांडणांत." मी म्हणालो, "हे आम्हाला तिथे न येताच कळलं होतं."

योगायोग बघा, या कल्पनेची एक जुनी जन्मखोली तिच्याच विद्यापीठात आहे. १९२७ साली अलेक्झांडर मिकलजॉन नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं तिथे 'एक्सपेरिमेंटल कॉलेज' सुरू केलं. ॲडम्स हॉल या वसतिगृहातच कॉलेज. मुलं तिथेच राहायची आणि शिक्षकही त्याच इमारतीत भेटायचे. पहिलं वर्ष सगळ्यांनी मिळून प्राचीन अथेन्सचा अभ्यास करायचा, दुसरं वर्ष आजच्या अमेरिकेचा, आणि मधल्या सुट्टीत आपापल्या भागाचा अभ्यास करून यायचा. मिकलजॉनचं म्हणणं साधं होतं. वर्ग एकीकडे आणि राहणं दुसरीकडे असलं की शिक्षण अंगाला लागत नाही. पुढे मुलं कमी होत गेली, विद्यापीठातूनच टीका झाली आणि १९३२ मध्ये ते बंद पडलं. पण बीज राहिलं. आज अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत असे मजले, अशी घरं आहेत.

आता १९२७ हे साल लक्षात ठेवा आणि मॅडिसनवरून थेट साताऱ्याला या.

त्याच साली साताऱ्यात गांधीजींच्या हस्ते एका वसतिगृहाचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. भाऊराव पाटलांनी ते १९२४ मध्ये सुरू केलं होतं. सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची, श्रम करून शिकायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे आपण शाळेत शिकलो, भाषणात ऐकलं. आणि ऐकून ऐकून इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली मुख्य गोष्टच निसटते. भाऊरावांसाठी वसतिगृह ही शाळेला जोडलेली सोय नव्हती. वसतिगृह हीच शाळा होती.

हे त्यांना सुचलं कुठून? कोल्हापुरातून. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिलं होतं. त्याचा फायदा एकाच वर्गाला होतोय, बाकीची मुलं तिथे टिकत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. पुढे मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. भाऊराव स्वतः जैन बोर्डिंगात राहत होते. त्यांच्या चरित्रात सांगतात, की ते मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावं लागलं. जातवार बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या त्या पोरानं पुढे सगळ्या जातींचं बोर्डिंग काढलं.

म्हणून समाजाच्या नावानं मजला मागणाऱ्यांना मी लगेच नावं ठेवणार नाही. शाहू महाराजांनीच तो मार्ग धरला होता. ज्या मुलाला बाहेर कुणी उभं करत नाही, त्याला आधी टेकायला भिंत लागते. अमेरिकेतही हाच वाद झालाय. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७२ पासून ड्यु बॉइस यांच्या नावाचं निवासी घर आहे. काळ्या विद्यार्थ्यांना त्या मोठ्या विद्यापीठात आपली म्हणावी अशी जागा हवी होती. ही तर नवी विभागणी झाली, असं तेव्हाही लोक म्हणाले. आज ते घर सगळ्यांना खुलं आहे.

म्हणजे प्रश्न जुना आहे. आपल्या माणसांत राहून बळ घ्यायचं, की परक्यांत राहून शहाणं व्हायचं?

माझ्याकडे याचं पुस्तकी उत्तर नाही. माझ्या वसतिगृहाची गोष्ट आहे, ती सांगतो.

मी १९८६ ते ८९ पुण्यात एका ट्रस्टच्या वसतिगृहात होतो. साठ मुलं. खेड्यातली, गरीब, सगळ्या जातींची. रोज एक तास काम सक्तीचं. झाडलोट, पाणी भरणं, भाजी निवडणं, वाढणं. रेक्टर सर आणि काकू खालच्या दोन खोल्यांत राहायचे. वर्गणी अगदी कमी, बाकी देणगीवर. सगळं आदर्श वाटतं ना? मलाही वाटायचं.

पहिल्या वर्षी आमच्यात एक आदिवासी भागातला मुलगा होता. बोलायचा कमी. जेवताना आपण आपापल्या ओळखीच्यांत बसतोच, कुणी कुणाला हाकलत नाही. तालुक्याचे एकीकडे, नात्यातले एकीकडे, जातीचे एकीकडे. तो नळाजवळ भिंतीला टेकून एकटा जेवायचा. कुणी त्याला 'तिकडे बस' म्हटलं नव्हतं, आणि 'इकडे ये' असंही म्हटलं नव्हतं. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. आम्ही म्हणालो, घरची अडचण असेल.

सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. ते काय म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "घरच्या अडचणीनं गेला असं तुम्ही म्हणता. मी चार महिने त्याचं ताट कुठे असतं ते बघत होतो आणि गप्प बसलो. चूक माझी आहे." त्यांनी आम्हाला एक शब्दही बोलला नाही.

पुढच्या महिन्यापासून डालड्याचा रिकामा डबा आला. दर एक तारखेला त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. कामाची जोडी चिठ्ठीनं ठरणार आणि जोडीदारानं महिनाभर जेवायलाही शेजारीच बसायचं. आम्ही वैतागलो. हा काय पोरकटपणा, म्हणालो. पण डबा काही हलला नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात माझी चिठ्ठी निघाली ती वडार समाजातल्या एका मुलाबरोबर. त्याचे आईवडील दगडखाणीवर. कामाची पाळी स्वयंपाकघराची. मी घरी कधी स्वतःच्या हातानं पाणीही घेतलं नव्हतं. आमची अठरा एकर जमीन, घरात गडीमाणसं. तो मात्र आई खाणीवर जायची म्हणून आठव्या वर्षापासून भाकरी थापायचा. मामा आचाऱ्यांनी मला परातीसमोर बसवलं तेव्हा माझी पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तीन ठिकाणी फाटली. तो हसला नाही. म्हणाला, "पीठ नीट मळ, पाणी बेतानं घे. हाताला कळतं." महिनाभरात माझ्या हाताला कळलं. माझं इंग्रजी बरं होतं, त्याचं गणित. रात्री तो हिशोब झाला.

आणि मग माझी आई आली.

एसटीनं, डोक्यावर डबा घेऊन. शेंगदाण्याची चटणी, लाडू. आम्ही दोघं भाजी निवडत बसलो होतो. आईनं त्याच्याही हातावर लाडू ठेवला आणि सहज विचारलं, "आडनाव काय रे पोरा तुझं?"

त्यानं तोंड उघडायच्या आत मी एक आडनाव सांगितलं. आमच्या पाहुण्यांतलं. "आपल्यातलाच आहे," असंही म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "होय मावशी," म्हणाला आणि लाडू खाल्ला.

त्या रात्री भांडी घासताना तो एवढंच बोलला, "पुन्हा कुणी विचारलं तर माझं आडनाव मी सांगीन. तू सांगू नको."

एकत्र राहणं, एकत्र जेवणं, समता, बंधुता यांवर मी चौतीस वर्षं वर्गात बोललो. पण ते वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही, स्वयंपाकघरात मिळालं. आणि मिळालं ते डालड्याच्या डब्यामुळे. नाहीतर साठ मुलांत आम्ही तीन वर्षं एकमेकांना 'काय, बरंय का' म्हणत निघून गेलो असतो.

बऱ्याच वर्षांनी मी आईला खरं सांगितलं. वाटलं, चिडेल किंवा कपाळाला हात लावेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तवा खोटं का बोललास? मी काय लाडू काढून घेतला असता का त्याच्या हातातनं?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. काढून घेतला असता की नसता, आता कळायला मार्ग नाही. मी तिला ती संधीच दिली नाही.

रविवारच्या बैठकीनंतर त्या मित्रालाही फोन केला. तो पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालाय. मला वाटलं, तो म्हणेल, बरोबर बोललास, असले समाजाचे मजले नकोतच. तो म्हणाला, "माझी मुलगी शहरात शिकायला गेली तेव्हा मी तिला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहातच ठेवलं. तिथे आडनावावरून तिच्याकडे कुणी बघत नाही. मी जे सोसलं ते तिनं का सोसायचं? तू शिकावंस म्हणून माझ्या पोरीनं तुझ्या शेजारी बसायचं का?"

मित्रांनो, ही चपराक मी इथे मुद्दाम लिहितोय. 'एकत्र राहा' म्हणणं आमच्यासारख्यांना सोपं जातं, कारण त्याची किंमत दुसरा मोजतो.

मग मी त्याला विचारलं, "डबा नसता तर?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "डबा होता म्हणून निभावलं. सर रोज पंगतीत फिरायचे म्हणून निभावलं. नुसतं एकत्र कोंबलं असतं, तर मीपण दिवाळीला गेलो असतो."

माझ्या मते सगळ्याचं सार यात आहे. एका छताखाली राहिल्यानं कुणी शिकत नाही. एका विषयाच्या मजल्यावर राहिल्यानंही नाही. सोबत करायचं रोजचं काम हवं, सोबतचं जेवण हवं आणि कुणाचं ताट कुठे आहे हे बघणारं एक मोठं माणूस तिथे मुक्कामाला हवं. मिकलजॉनच्या इमारतीत शिक्षक होते. साताऱ्याच्या बोर्डिंगात लक्ष्मीबाई होत्या. आमच्याकडे सर आणि काकू होते. आपल्या आराखड्यात कॅमेरे आहेत.

आता थोडं सरकारी धोरणाबद्दल. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्यात २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च थेट खात्यात येतो. आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे, ओबीसी मुलांसाठी आधार योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता आहे. या योजना हव्यातच. त्या नसत्या तर कितीतरी मुलं गावी परतली असती. पण खात्यावर पैसे आले की पोरगं तीन मित्रांत खोली घेतं, मेसचा डबा लावतं. ते तीन मित्र कोण असतात? गावातले, नात्यातले, जातीतले. त्यात त्याचा दोष नाही, घरमालकही आडनाव विचारूनच खोली देतो. पैशानं खाट मिळते, ताट मिळतं. शेजारी कोण बसणार, हे मात्र जुनंच राहतं. म्हणून वसतिगृहं बांधायला हवीतच, आणि बांधतो तेव्हा नुसत्या खोल्या बांधून भागत नाही.

आता आपल्या गावाचं. नुसता विरोध करून मला भागवायचं नाही. माझं म्हणणं असं आहे.

मजल्यांना विषय द्या, जरूर द्या. स्पर्धा परीक्षावाल्या मुलींना पहाटे उठायचं असतं, खेळाडू मुलींना लवकर जेवायचं असतं, सोय होईल. देणगीदार समाजाचं नाव पाटीवर लावा, त्यांचे आभार माना, त्यांच्या गरजू मुलींना काही जागा राखून ठेवा. पण अख्खा मजला एका समाजाचा नको. आणि जेवण, काम, पाळ्या मजल्यानुसार नकोत. तिथे चिठ्ठी.

डब्याचा ठेका नको. बाहेरून आचारी ठेवा, पण वाढणं, निवडणं, आवरणं यात प्रत्येक मुलीचा रोज अर्धा तास असू द्या. मुलींना घरी हेच करावं लागतं, इथेही तेच का, असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. म्हणून कामात हिशोब ठेवणं, बाजार आणणं, मोटर चालू करणं, दिवाबत्ती बघणं हेही घ्या. भोजनगृहाचा जमाखर्च मुलींनीच सांभाळावा.

रेक्टरबाईंना राहायला दोन खोल्या द्या. ऑफिस नव्हे, घर.

आणि २४ खाटा? बाई, तुमचं म्हणणं मी विसरलो नाही. एकही खाट कमी करू नका. इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे पत्र्याचं मोठं शेड, खाली शहाबादी फरशी, कडेला स्वयंपाकघर आणि नळ, एवढं झालं तरी दोन पाळ्यांत १४४ मुलींची पंगत बसते. रात्री तिथेच अभ्यासिका. भोजनगृह दगडी नसलं तरी चालेल. पंगत असल्याशी मतलब.

याला पैसे लागतील. संस्थेकडे नाहीत, असं उत्तर येणार हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या एका महिन्याच्या पेन्शनपासून सुरुवात करतो. माझ्या मित्रानं पत्र्यांचा खर्च उचलतो म्हणून काल रात्री कळवलंय. सोबत एक अटही घातलीय, की शेडवर कुणाचंही नाव लावायचं नाही. ना समाजाचं, ना त्याचं.

पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला कॉलेजच्या सभागृहात आहे. ती सगळ्यांना खुली आहे. ज्यांच्या मुली तिथे राहणार आहेत, त्या पालकांनी तर यावंच. माझं चुकत असेल तर तिथे तोंडावर सांगा. इथे खाली तुमच्या वसतिगृहाचे अनुभवही लिहा. कडू असतील ते आधी लिहा, आम्हाला त्यांचीच जास्त गरज आहे.

डालड्याचा डबा मी आणतो.